हॉप्सचा जोर, बेल्जियन यीस्टचा बाज: कोरड्या, कडवट ब्लॉन्ड बिअरची रेसिपी अशी बांधा

अमेरिकन आयपीएची, म्हणजे भरपूर हॉप्सच्या कडवट बिअरची, रेसिपी घ्यायची, त्यातलं यीस्ट तेवढं बदलून बेल्जियन टाकायचं, की झाली हॉपी बेल्जियन बिअर, असा अनेकांचा समज असतो. अशी बिअर बहुतेक वेळा फसते. यीस्टमधून लवंगेची झाक येते, हॉप्समधून, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांमधून, राळेचा आणि ग्रेपफ्रूटचा वास येतो, क्रिस्टल माल्टचा (मोड आणून भाजलेल्या धान्याचा) गोडवा तळाशी राहतो आणि या सगळ्यावर दणदणीत कडवटपणा चढतो. सर्दीवर दिलेल्या काढ्याची आठवण व्हावी, अशी चव लागते. यातला एकही घटक वाईट नसतो. पण त्यांना एकत्र नांदवायचं कसं, याचा विचार रेसिपी लिहिताना झालेला नसतो.

अशा बिअरची रेसिपी शेवटाकडून बांधावी, असं माझं ठाम मत आहे. ग्लासातली बिअर किती कोरडी हवी, हे आधी ठरवायचं. त्या कोरडेपणापर्यंत नेणारं आणि हॉप्सशी भांडण न करणारं यीस्ट मग निवडायचं. त्यानंतर हॉप्स, आणि माल्ट सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलट जातात, धान्यापासून सुरुवात करतात, आणि कोरडेपणा नशिबावर सोडतात.

आधी कायद्याचं बोलू. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी मद्य तयार करता येत नाही. त्यामुळे हा लेख जिथे घरगुती ब्रूइंगला परवानगी आहे अशा देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे: नेदरलँड्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे. प्रमाणाची मर्यादा आणि विक्रीवरची बंदी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती आपापली पाहून घ्या. पुण्या-मुंबईत परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्यांनाही इथलं गणित जसंच्या तसं मोठ्या टाकीला लावता येईल.

बेल्जियममध्ये हे कसं करतात

बेल्जियन बिअर म्हणजे गोडसर, मसालेदार आणि तगडी, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. पण बेल्जियममध्ये हॉप्स पिकतात. फ्रान्सच्या सीमेजवळचं पोपरिंगे हे गाव त्यासाठीच ओळखलं जातं, आणि तिथल्या हॉप उत्सवासाठी १९८१ मध्ये होमेलबियर ही ७.५ टक्क्यांची हॉपी बिअर निघाली. ओर्वालच्या ट्रॅपिस्ट मठातली ब्रुअरी १९३१ पासूनची. तिथली बिअर ६.२ टक्क्यांची. तिला ड्राय-हॉप करतात, म्हणजे आंबवून झाल्यावर हॉप्स घालतात, आणि बाटलीत भरताना ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट घालतात. ताजी ओर्वाल हॉप्सने भरलेली लागते आणि वर्षभराने तीच बाटली कातडी आणि सुक्या गवताकडे झुकते.

मला या लेखासाठी जास्त जवळच्या वाटतात त्या दोन बिअर म्हणजे डे रांके ब्रुअरीची एक्सएक्स बिटर आणि ब्रसेल्समधल्या ब्रासरी द ला सेनची तारास बुल्बा. पहिली १९९६ मध्ये आली. सहा टक्क्यांच्या आसपास, फिकट, हाडाइतकी कोरडी, आणि हॉप्स म्हणजे ब्रुअर्स गोल्ड आणि हालरटाऊ, तेही गोळ्यांच्या नव्हे तर अख्ख्या फुलांच्या रूपात. दुसरी फक्त ४.५ टक्क्यांची. इतक्या कमी अल्कोहोलमध्ये इतका हॉप्सचा ठसा आणि तरीही ग्लास सहज संपतो. दोन्हींत यीस्ट मागे उभं असतं. त्याचा फळांसारखा सुगंध जाणवतो, पण ते हॉप्सच्या अंगावर येत नाही.

तिसरी वाट अमेरिकेकडे बघत निघालेली आहे. आशूफची ऊब्लों शूफ २००६ ची, नऊ टक्क्यांची, टोमाहॉक, साझ आणि अमरिलो हे हॉप्स घेऊन. २००७ मध्ये ड्यूवेलने साझ आणि स्टिरियन गोल्डिंग या आपल्या नेहमीच्या जोडीत अमरिलो घातला. पुढच्या काळात या तिसऱ्या जागी सिट्रासारखे दुसरे हॉप्सही आले. या बिअर उत्तम आहेत, पण नऊ-साडेनऊ टक्क्यांवर हॉप्स, यीस्ट आणि अल्कोहोल तिघांना सांभाळणं पहिल्या प्रयत्नाचं काम नाही. म्हणून आपण एक्सएक्स बिटर आणि तारास बुल्बा यांच्या मधली जागा धरू: २० लिटर, सुमारे ५.८ टक्के, कडवटपणा ४० आयबीयूच्या (आयबीयू हे कडवटपणाचं एकक) आसपास.

शक्य असेल तर यातल्या दोन-तीन बाटल्या आधी विकत आणून प्या. लेबलवरची तारीख बघून ताज्या घ्या. दुकानाच्या उजेडात वर्षभर उभी राहिलेली बाटली तुम्हाला चुकीचं शिकवेल.

पहिला आकडा: शेवटची ग्रॅव्हिटी

वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड पाण्यात, किती साखर विरघळली आहे, ते ग्रॅव्हिटी सांगते. सुरुवातीची ओजी, आंबवून झाल्यावरची एफजी. आपली ओजी १.०५२ आणि एफजी १.००८ ठेवू. म्हणजे दशांश चिन्हापुढच्या ५२ गुणांपैकी ४४ यीस्टने खायचे, जवळजवळ ८५ टक्के. अल्कोहोल काढायला दोन्हींतला फरक १३१ ने गुणा: ०.०४४ गुणिले १३१, म्हणजे ५.८ टक्के.

८५ टक्के हा आकडा साध्या पेल एलच्या मानाने बराच वर आहे. तिथे ७५ टक्क्यांवरही कुणी तक्रार करत नाही. मग इथे एवढा आग्रह कशाला? कारण बेल्जियन यीस्टमधून येणारे फळांच्या वासाचे एस्टर नाकाला गोड वाटतात. बिअरमध्ये खरोखरची साखरही उरली असेल, तर दोन्ही गोडवे एकमेकांवर चढतात आणि कडवटपणा घशात अडकल्यासारखा होतो. एफजी १.००८ वर ४० आयबीयू स्वच्छ, कोरे लागतात. तेच ४० आयबीयू १.०१४ वर बोजड लागतात. आयबीयू वाढवून किंवा घटवून हा दोष जात नाही, ग्रॅव्हिटीच खाली आणावी लागते.

तिथे पोहोचण्याच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही वापरायच्या: मॅशचं (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचं) तापमान कमी, थोडी साधी साखर, आणि खाऊन संपवणारं यीस्ट.

यीस्ट

बेल्जियन यीस्टच्या चवीचे मुख्य भाग दोन. एक एस्टर: केळं, पेर, संत्र्याची साल. दुसरा फिनॉल: लवंग, मिरी. हॉप्सचं एस्टरांशी जमतं. लवंगेच्या फिनॉलशी मात्र जपून वागावं लागतं, विशेषतः कडवटपणा जास्त असताना, कारण फिनॉललाही स्वतःची एक तुरट, औषधी बाजू असते. म्हणून कमी फिनॉल देणारं यीस्ट निवडायचं.

माझी पहिली पसंती व्हाइट लॅब्जचं डब्ल्यूएलपी ५१०, बास्तोन्य. बेल्जियन यीस्टच्या मानाने शांत, थोडंसं आंबूस टोक असलेलं, आणि ग्रॅव्हिटी चांगली खाली आणणारं. वायीस्ट ३५२२, म्हणजे आर्डेन, हेही चालेल. ते थोडं जास्त मसालेदार, पण त्याचे एस्टर हॉप्सशी सुंदर मिसळतात. कोरडं यीस्ट वापरायचं असेल तर फर्मेंटिसचं सॅफेल बीई-२५६ घ्या. ते जोरात काम करतं आणि ८२ टक्क्यांच्या वर सहज जातं. त्याच कंपनीचं टी-५८ मात्र इथे टाळा. ते मिरी-लवंगेकडे झुकतं आणि माल्टमधल्या काही साखरा तशाच सोडतं. बीई-१३४ हे सेझों या कोरड्या बेल्जियन बिअर-प्रकाराचं यीस्ट. त्याच्यातल्या एन्झाइममुळे ते पिष्टाचे तुकडेही फोडत जातं. बिअर अतिशय कोरडी होईल, पण तो प्रकारच वेगळा, आणि बाटल्यांचा धोकाही वाढतो.

यीस्ट किती घालायचं? दर मिलिलिटरला, दर प्लेटो अंशाला (प्लेटो हे ग्रॅव्हिटीचंच दुसरं माप) साडेसात लाख पेशी हा नेहमीचा हिशेब. १.०५२ म्हणजे जवळपास १३ प्लेटो. २० लिटरला साधारण २०० अब्ज पेशी लागतात. द्रवरूप यीस्टच्या एका पाकिटावर बहुधा भागत नाही, म्हणून दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम माल्ट पावडर उकळून, थंड करून त्यात स्टार्टर वाढवा, म्हणजे यीस्टच्या पेशी आधीच वाढवून घ्या. कोरड्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. काही जण एस्टर वाढावेत म्हणून बेल्जियन यीस्ट मुद्दाम कमी घालतात. या बिअरसाठी ते नको. भुकेलं, थकलेलं यीस्ट १.०१३ वर थांबलं, तर सगळा बेतच कोसळतो.

हॉप्स

इथे थोडा जास्त वेळ घालवा, कारण बिअरचा चेहरा इथे ठरतो.

कडवटपणासाठी स्वच्छ, जास्त अल्फा आम्लाचा (कडवटपणा याच आम्लातून येतो) हॉप घ्यायचा. मॅग्नम माझ्या मते सर्वांत सोपा. ब्रुअर्स गोल्ड किंवा नॉर्दर्न ब्रुअर घेतलात तर थोडा रांगडेपणा येईल, तोही छान. चव आणि सुगंधासाठी स्टिरियन गोल्डिंग, साझ, हालरटाऊ, स्ट्रिसेलस्पाल्ट हे जुन्या युरोपातले हॉप्स. स्टिरियन गोल्डिंग स्लोव्हेनियाचा. नावात गोल्डिंग असलं तरी तो मूळचा इंग्लिश फगल. मातीचा आणि किंचित संत्र्याचा वास, त्यात मिरीची चुणूक. साझ बोहेमियातला, गवती आणि फुलांचा. हे हॉप्स आयपीएमधले मानकरी नाहीत. पण बेल्जियन यीस्टशेजारी त्यांचा मसाला आणि यीस्टचा मसाला एकाच घराण्यातला वाटतो.

नव्या जगातला हॉप हवाच असेल तर संत्र्याकडे जाणारा निवडा. अमरिलो या बाबतीत सुरक्षित. पाइन-राळेच्या वासाचे सिमको किंवा चिनूक लवंगेसोबत ठेवू नका.

कुठला हॉप जमेल याची खात्री करायची एक स्वस्त पद्धत आहे. दुकानातून साध्या, कमी हॉप्सच्या बेल्जियन ब्लॉन्डच्या ३३० मिलिलिटरच्या तीन-चार बाटल्या आणा. त्या फ्रिजमध्ये अगदी थंडगार करा. झाकण काढून प्रत्येकीत एक ग्रॅम हॉप पेलेट (हॉप्सच्या दाबलेल्या गोळ्या) टाका, प्रत्येकीत वेगळा, आणि लगेच नवं झाकण ठोका. पेलेट पडताक्षणी फेस उसळतो, म्हणून बाटल्या सिंकमध्ये उभ्या करून एकेक करा आणि झाकण हाताशी ठेवा. थोडी बिअर आधीच ओतून घेतली तर काम सोपं होतं. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मध्ये एकदा हलकेच उलट्या करा, मग गाळून शेजारी-शेजारी चाखा. एक ग्रॅम म्हणजे लिटरला तीन ग्रॅम, आपल्या ड्राय-हॉपचंच प्रमाण. स्टिरियनची बाटली आणि चिनूकची बाटली एकामागोमाग हुंगलीत, तर वर लिहिलेलं सगळं नाकाला पटेल.

आता हिशेब. कडवटपणा ग्रॅममध्ये लिहून ठेवू नका, आयबीयूमध्ये लिहा, कारण हॉप्सचं अल्फा प्रमाण दर पिकाला बदलतं. टिनसेथच्या सूत्राने, साधारण १.०४५ ग्रॅव्हिटीच्या वर्टमध्ये ६० मिनिटं उकळलेल्या अल्फा आम्लातलं सुमारे २४ टक्के कामी येतं, १५ मिनिटांत सुमारे १२ टक्के. उकळीच्या शेवटी आपल्याकडे २२ लिटर वर्ट असेल. ६० मिनिटांच्या हॉप्समधून २९ आयबीयू हवे असतील, तर २९ ला २२ ने गुणा आणि अल्फाची टक्केवारी गुणिले १० गुणिले ०.२४ या संख्येने भागा. मॅग्नम १२ टक्क्यांचा असेल तर २२ ग्रॅम. पाकिटावर १४ लिहिलं असेल तर १९ ग्रॅम.

१५ मिनिटांना ४ टक्क्यांचा ३० ग्रॅम स्टिरियन घातला तर साडेसहा आयबीयू मिळतात. आच बंद करून वर्ट ८० अंशांवर आणल्यावर घातलेल्या ६० ग्रॅममधून आणखी पाच-सहा. एकूण ४१. ८० अंशच का? उकळत्या वर्टमध्ये सुगंधी तेलं वाफेबरोबर उडतात आणि कडवटपणाही वेगाने वाढत राहतो. ८० वर दोन्ही बऱ्यापैकी मंदावतं आणि सुगंध वर्टमध्ये टिकतो.

धान्य आणि साखर

हा भाग मी मुद्दाम थोडक्यात आटोपतो, कारण इथे करण्यासारखं कमीच आहे आणि कमीच करावं. बहुतांश पिल्सनर माल्ट. फेसासाठी थोडा गव्हाचा माल्ट. ब्रेडच्या कडेसारखी चव यावी म्हणून किंचित म्युनिक. क्रिस्टल किंवा कॅरामेल माल्ट अजिबात नको.

साखर साधी पांढरी, वाण्याकडची. महागडी बेल्जियन कँडी साखर रंगीत बिअरमध्ये उपयोगी असते, या फिकट बिअरमध्ये तिने काही फरक पडत नाही. एकूण गुणांपैकी दहा टक्के साखरेतून यावेत, त्याहून जास्त झाले तर बिअर पातळ वाटू लागते.

२२ लिटरला ५२ गुण म्हणजे ११४४. किलोभर साखर ३८४ गुण देते, म्हणजे ३०० ग्रॅममधून ११५ मिळाले. उरलेले सुमारे १०३० माल्टमधून. माल्टच्या किलोमागे सैद्धांतिक ३०० गुण धरले आणि तुमच्या भांड्याची कार्यक्षमता ७५ टक्के असेल, तर हाती २२५ येतात. म्हणजे साधारण ४.५५ किलो माल्ट. तुमची कार्यक्षमता ६८ टक्के असेल तर तोच भागाकार पुन्हा करा.

पूर्ण रेसिपी अशी:

फर्मेंटरमध्ये २० लिटर, ओजी १.०५२, एफजी १.००८, सुमारे ४१ आयबीयू
पिल्सनर माल्ट ४.१ किलो
गव्हाचा माल्ट २५० ग्रॅम
म्युनिक माल्ट २०० ग्रॅम
साखर ३०० ग्रॅम, उकळीची शेवटची १० मिनिटं
मॅग्नम, १२ टक्के, २२ ग्रॅम, ६० मिनिटं
स्टिरियन गोल्डिंग, ४ टक्के, ३० ग्रॅम, १५ मिनिटं
स्टिरियन गोल्डिंग ३० ग्रॅम आणि साझ ३० ग्रॅम, ८० अंशांवर २० मिनिटं
स्टिरियन गोल्डिंग ३० ग्रॅम आणि हालरटाऊ ३० ग्रॅम, ड्राय-हॉप, ३ दिवस
यीस्ट: डब्ल्यूएलपी ५१०, वायीस्ट ३५२२ किंवा बीई-२५६

पाणी

कडवटपणा टोकदार हवा असेल तर सल्फेट क्लोराइडच्या दुप्पट-तिप्पट असावं. आरओचं पाणी वापरत असाल तर एकूण ३१.५ लिटरमध्ये ८ ग्रॅम जिप्सम आणि ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड घाला. त्यातून लिटरला साधारण ८५ मिलिग्रॅम कॅल्शियम, १४० सल्फेट आणि ४५ क्लोराइड मिळतं. सल्फेट याहून फार वाढवू नका. कोरड्या बिअरमध्ये ते खरखरीत लागतं. नळाचं पाणी वापरायचं तर पालिकेचा किंवा पाणी कंपनीचा अहवाल बघा आणि क्लोरीन काढून टाका, नाहीतर पुन्हा फिनॉलचीच औषधी चव मागच्या दाराने आत येते.

मॅशचा पीएच ५.२ ते ५.४ हवा. इतका फिकट माल्ट स्वतःहून तितका खाली येत नाही. ८० टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल अर्धा-अर्धा मिलिलिटर घालत मोजत जा. बहुधा दोन-तीन मिलिलिटरमध्ये काम होतं.

ब्रूच्या दिवशी

१४ लिटर पाणी ७० अंशांपर्यंत तापवा. २० अंशांचा माल्ट त्यात मिसळला की मॅश ६४ अंशांवर बसेल. गुठळ्या फोडून घ्या. हे तापमान ७५ ते ९० मिनिटं टिकवायचं. ६४ वर पिष्टापासून यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त बनते, ६८ वर न खाता येणारे तुकडे जास्त उरतात. आपला कोरडेपणा या चार अंशांत आहे, म्हणून थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात तपासून घ्या. गव्हाच्या बिअरसाठी काही जण ४४-४५ अंशांवर थांबा घेतात, त्याने फेरुलिक आम्ल सुटतं आणि यीस्ट त्याची लवंग करतं. आपल्याला ते नको आहे, म्हणून हा थांबा गाळा.

उरलेल्या साडेसतरा लिटर गरम पाण्याने धान्य धुऊन घ्या. भांड्यात २७ लिटरच्या आसपास वर्ट जमेल आणि साखर घालण्यापूर्वी ग्रॅव्हिटी १.०३८ च्या जवळ असेल. ती फार कमी भरली तर उकळी थोडी लांबवा.

७५ मिनिटं उकळा, झाकण न ठेवता. पिल्सनर माल्टमधून मक्याच्या उकडलेल्या दाण्यांसारखा वास देणारं डीएमएस तयार होतं, ते वाफेबरोबर बाहेर जायला हवं. पहिली पंधरा मिनिटं गेल्यावर मॅग्नम घाला. साखर घालताना आच बंद करून ढवळा, नाहीतर ती तळाला लागते. उकळ संपली की ८० अंशांपर्यंत थंड करा, हॉप्स घाला, अधूनमधून ढवळत २० मिनिटं ठेवा, मग झटपट १८ अंशांवर आणा. या क्षणानंतर वर्टला जे जे लागेल ते सगळं सॅनिटाइझ केलेलं असलं पाहिजे.

तळाचा गाळ मागे ठेवून २० लिटर फर्मेंटरमध्ये घ्या, चांगला हवेशीर करा आणि यीस्ट घाला.

आंबवणं

पहिले तीन दिवस १८-१९ अंश. एस्टर आणि फिनॉल यांचा बराचसा भाग याच दिवसांत ठरतो आणि तो आटोक्यात ठेवायचा आहे. आतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंश वर जातं, म्हणून मोजायचं ते फर्मेंटरला चिकटवलेल्या पट्टीवर, भिंतीवर नव्हे. चौथ्या दिवसापासून दररोज एक-एक अंश चढू द्या, २२-२३ पर्यंत. ही चढण टाळू नका. यीस्ट शेवटचे पाच-सहा गुण या ऊबेत खातं. इथे गार पडलं तर ते खाली बसून झोपतं.

एफजी हायड्रोमीटरने मोजा. रिफ्रॅक्टोमीटर अल्कोहोल असताना चुकीचा आकडा दाखवतो, त्याला दुरुस्तीचं सूत्र लावावं लागतं. मोजलेला नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतू नका, प्या. कोमट, फेसाविना बिअरमध्ये कोरडेपणा आणि फिनॉल दोन्ही अगदी उघडे दिसतात.

ग्रॅव्हिटी दोन दिवस हलली नाही, की ड्राय-हॉप. तापमान २० च्या आसपास, मुदत तीन दिवस. आठवडाभर ठेवलेत तर सुगंध वाढत नाही, गवताचा रस मात्र उतरतो. झाकण उघडणं शक्य तितकं थोडक्यात आटपा. ऑक्सिजनने हॉप्सचा सुगंध सर्वांत आधी मरतो.

इथे एक गोष्ट अनेक जण विसरतात. हॉप्समध्ये स्वतःची एन्झाइम असतात. ती उरलेले पिष्टाचे तुकडे फोडतात, त्यातून नवी साखर सुटते आणि यीस्ट पुन्हा जागं होतं. याला हॉप क्रीप म्हणतात. १.००८ वर स्थिर झालेली बिअर ड्राय-हॉपनंतर १.००६ वर जाऊ शकते. हे बाटलीत झालं तर दाब धोकादायक वाढतो. म्हणून ड्राय-हॉपनंतर ग्रॅव्हिटी पुन्हा तीन दिवस सलग सारखी आल्याशिवाय बाटलीला हात लावू नका. मग दोन दिवस थंड करून हॉप्स खाली बसवा.

बाटलीत

बेल्जियन बिअरला फेस भरपूर लागतो, तोच हॉप्सचा वास नाकापर्यंत पोहोचवतो. २.८ व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या २.८ पट, कार्बन डायऑक्साइडचं लक्ष्य ठेवा. आंबवताना सर्वाधिक २२-२३ अंश गाठले असतील तर लिटरला साडेसात ग्रॅम साखर, म्हणजे साडेअठरा लिटरला १४० ग्रॅम. थोड्या पाण्यात उकळून, थंड करून, बॉटलिंगच्या बादलीच्या तळाशी घाला आणि त्यावर बिअर हळूच सोडा. जाड काचेच्या बाटल्याच वापरा, बेल्जियन बिअरच्या रिकाम्या झालेल्या उत्तम. गडद तपकिरी काच हवी, कारण उजेडात हॉप्सचं कडवट संयुग बिघडून घाणेरडा वास येतो. २१ ते २४ अंशांवर तीन आठवडे, मग थंड जागी. हॉप्ससाठी ही बिअर पहिल्या दोन-तीन महिन्यांत संपवावी.

पुढच्या खेपेला काय बदलायचं

बिअर कडू लागली पण एफजी १.००८ च्या खालीच असेल, तर मॅग्नम पाच-सहा आयबीयूने कमी करा. एफजी १.०१२ च्या वर असेल, तर हॉप्सला हात लावू नका. मॅश ६३ वर आणा किंवा स्टार्टर मोठा करा. लवंग पुढे आली असेल तर सुरुवातीचं तापमान १७-१८ ठेवा, आणि तरीही राहिली तर यीस्ट बदला. सुगंध फिका पडला असेल, तर ड्राय-हॉप वाढवण्याआधी हॉप्सचं पाकीट कधीचं आणि कसं साठवलेलं होतं ते तपासा. पाकीट उघडल्यावर चीजसारखा वास आला तर ते फेकून द्या. ताजे असूनही सुगंध कमी पडला तर लिटरला चार ग्रॅमपर्यंत जा. पाचाच्या पुढे यीस्ट झाकलं जातं.

एका खेपेला एकच गोष्ट बदला. एकाच वेळी यीस्टही बदललं आणि हॉप्सही, तर कशाने काय झालं हे कळत नाही.

मूळ रेसिपी जमली की त्यातल्या पाच लिटरला ओर्वालची दिशा देऊन बघता येते. ड्राय-हॉपनंतर ते पाच लिटर वेगळ्या कारबॉयमध्ये (आंबवायच्या मोठ्या बाटलीत) काढा, ब्रेटानोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस घाला आणि ग्रॅव्हिटी महिनाभर स्थिर राहीपर्यंत थांबा. त्याला तीन ते सहा महिने लागू शकतात आणि आकडा १.००३ च्या आसपास उतरतो. घाईने बाटलीत भरलीत तर ब्रेट उरलेले गुण तिथे खाईल आणि बाटल्या फुटतील. या कामासाठी प्लॅस्टिकच्या नळ्या आणि नळ वेगळे ठेवा, त्यावर खूण करा आणि ते पुन्हा साध्या बिअरसाठी वापरू नका.